हायब्रिड घेताना अ‍ॅव्हरेजच्या पलीकडचे विचारा

प्रति,
संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

हायब्रिड गाड्यांविषयी जे छापून येते, ते बहुतेक वेळा 'एका लिटरमध्ये किती किलोमीटर' या एका आकड्याभोवती फिरते. घेणारा तेवढेच विचारतो आणि विकणाराही तेवढेच सांगतो. आम्ही वाहनदुरुस्ती करणारे आणि त्या कामाचे प्रशिक्षण देणारे लोक आहोत. हायब्रिडची तक्रार तपासायला घ्यावी तर यंत्र ठणठणीत निघते आणि दोष जुन्या गाडीच्या सवयींचा निघतो, असे वारंवार होते. म्हणून खरेदीआधी काय विचारावे आणि गाडी दारात आल्यावर कोणत्या सवयी सोडाव्यात, हे जरा तपशिलात लिहीत आहोत.

पहिला प्रश्न हा विचारावा: इंजिन पूर्ण बंद ठेवून ही गाडी नुसत्या मोटरवर चालते का? मागे 'हायब्रिड' अशी पाटी असली तरी त्या पाटीखाली वेगवेगळ्या गाड्या विकल्या जातात. माइल्ड हायब्रिडमध्ये बहुधा ४८ व्होल्टची (काहींत १२ व्होल्टचीच) छोटी यंत्रणा आणि पट्ट्यावर फिरणारा स्टार्टर-जनरेटर असतो. सिग्नलला इंजिन बंद करायचे, धक्का न देता पुन्हा सुरू करायचे, पिकअपला थोडा हातभार लावायचा, एवढेच त्याचे काम. ही फसवणूक नव्हे, पण बचतही माफकच. स्ट्राँग हायब्रिडमध्ये साधारण एक-दीड किलोवॅट-तासाची बॅटरी आणि गाडी एकटीने ओढू शकेल अशी मोटर असते. तिला बाहेरून चार्ज करावे लागत नाही, करताही येत नाही. तिसरी प्लग-इन. तिची बॅटरी कित्येक पटींनी मोठी असते आणि ती रोज चार्ज केली तरच त्या गाडीला अर्थ आहे. युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये रस्त्यावरच्या गाड्यांतून गोळा केलेली माहिती जाहीर केली, तेव्हा प्लग-इन गाड्यांचे प्रत्यक्ष कार्बन उत्सर्जन चाचणीतल्या आकड्याच्या सरासरी साडेतीन पट निघाले. मुख्य कारण सरळ आहे: लोक गाडी पुरेशी चार्ज करत नाहीत आणि मग इंजिनाला ती जड बॅटरीही वाहून न्यावी लागते. रात्री गाडी उभी राहते तिथे चार्जिंगची सोय नसेल, तर प्लग-इनच्या वाटेला जाऊ नये, हे आमचे स्पष्ट मत.

आता बचतीचे. स्ट्राँग हायब्रिडमध्ये फुकटची वीज कुठूनही येत नाही. बॅटरीत जे साठते ते शेवटी टाकीतल्या पेट्रोलमधूनच आलेले असते. बचत होते ती तीन ठिकाणी. गाडी थांबलेली असताना इंजिन बंद राहते. ब्रेक लावताना जी ऊर्जा एरवी उष्णता होऊन वाया जाते, तिच्यातली काही मोटर जनरेटरसारखी फिरून परत मिळवते. आणि इंजिन चालते तेव्हा त्याला सोयीच्या भारावर चालवता येते. यासाठी अनेक हायब्रिडमध्ये अ‍ॅटकिन्सन पद्धतीचे इंजिन वापरतात. मूळ कल्पना ब्रिटिश अभियंता जेम्स अ‍ॅटकिन्सन यांची, १८८२ ची. आजच्या इंजिनांत इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद करून तोच परिणाम साधतात. असे इंजिन इंधन कमी खाते, पण कमी फेऱ्यांवर त्याचा जोर तोकडा पडतो. तो तोकडेपणा मोटर भरून काढते, म्हणून तर ही जोडी जमते.

यावरून गाडी कोणाच्या उपयोगाची हे कळते. थांबत-चालत जाणाऱ्या वाहतुकीत रोज तास-दीड तास काढणाऱ्याला हायब्रिडचा सर्वांत जास्त फायदा. मोकळ्या रस्त्यावर एकाच मोठ्या वेगाने तासन् तास जाणाऱ्याला फायदा कमी, कारण तिथे ब्रेक लागत नाही, इंजिन बंद होत नाही आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सर्वांत निराशा होते ती दोन-तीन किलोमीटर जाऊन गाडी बंद करणाऱ्यांची. थंड इंजिन आधी स्वतःला आणि सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला गरम करते. तोवर सिग्नलला उभी असली तरी गाडी इंजिन बंद करत नाही, आणि गरम होईपर्यंत घर येते. अशा वापरात कागदावरचे अ‍ॅव्हरेज मिळणार नाही आणि त्यात गाडीचा दोषही नसेल.

टेस्ट ड्राइव्हला जाताना दहा मिनिटांची फेरी पुरत नाही. रोजच्या वाटेसारखी वाट निवडावी, एक चढ घ्यावा, एसी लावावा आणि गाडी थंड असताना सुरू करून पाहावी. चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडते आणि गाडी तितकी पळत नाही, ही तक्रार इथेच ऐकू येते. जुन्या गाडीत असे झाले की क्लच घसरतोय म्हणायचे. इथे मात्र टोयोटाच्या पद्धतीत क्लच नाही, सीव्हीटीतला (ठरावीक गिअरऐवजी पट्ट्याने वेग बदलणाऱ्या पेटीतला) पट्टाही नाही. एक प्लॅनेटरी गिअर असतो: मधल्या सन गिअरला एक मोटर-जनरेटर, त्याभोवती फिरणारी छोटी चाके धरणाऱ्या कॅरिअरला इंजिन, बाहेरच्या रिंग गिअरला दुसरी मोटर आणि चाके. १९९७ मध्ये जपानात आलेल्या पहिल्या प्रियसमध्ये सन गिअरला ३० आणि रिंगला ७८ दात होते. त्यामुळे इंजिनाच्या पिळाचा (टॉर्कचा) सुमारे ७२ टक्के भाग थेट चाकांकडे आणि उरलेला २८ टक्के जनरेटरकडे, ही वाटणी ठरूनच गेलेली. जनरेटर कमी-जास्त फिरवून इंजिनाच्या फेऱ्या हव्या तशा ठेवता येतात, म्हणून इंजिनाचा आवाज आणि गाडीचा वेग यांचा पूर्वीसारखा मेळ राहत नाही. होंडाच्या दोन मोटरच्या पद्धतीत कमी वेगाला इंजिन बहुतांशी जनरेटर फिरवते आणि हमरस्त्याच्या वेगाला क्लच लागून ते थेट चाकांना जोडले जाते. ह्युंदाईने काही गाड्यांत सहा गिअरच्या पेटीलाच मोटर जोडली आहे. तेव्हा शेजाऱ्याच्या हायब्रिडचा सल्ला आपल्या हायब्रिडला लागू पडेलच असे नाही. घेताना पद्धत कोणती ते विचारून ठेवावे.

चालवण्यातला सर्वांत मोठा बदल ब्रेकचा. पेडलच्या पहिल्या हलक्या दाबात काम मोटर करते, पॅड जवळजवळ लागतच नाहीत. पेडल जोरात दाबले की हायड्रॉलिक ब्रेक मदतीला येतो आणि तेवढी ऊर्जा उष्णतेत जाते. म्हणून समोर सिग्नल लाल दिसला की लवकर आणि हलक्या पायाने ब्रेक लावायला सुरुवात करावी. गाडी थांबत येताना ताशी काही किलोमीटर वेग उरला की मोटरकडून काम पॅडकडे जाते, तिथे पायाला किंचित बदल जाणवतो. तो बिघाड नाही. लांब उतारावर 'बी' ही गिअरची खूण वापरावी. तिथे इंजिनाचा रोध मिळतो आणि ब्रेक तापत नाहीत. पण सपाट रस्त्यावर 'बी' ठेवून जास्त वीज साठते हा गैरसमज आहे. बॅटरी भरली की उतारावर इंजिन मोठ्याने फिरू लागते, कारण वीज ठेवायला जागाच उरलेली नसते. तेही साहजिक.

अ‍ॅक्सिलरेटरबाबत एक उलटे वाटणारे सत्य आहे. इंजिन सुरू होऊ नये म्हणून गोगलगाईच्या वेगाने निघणारे चालक फार वाचवत नाहीत. पेट्रोलची वीज करायची, ती साठवायची आणि पुन्हा मोटरला द्यायची, यात प्रत्येक टप्प्यावर थोडे थोडे गळते. मध्यम जोराने हव्या त्या वेगाला यावे, मग पाय सैल करून गाडी घरंगळू द्यावी. सिग्नलला 'एन'मध्ये (न्यूट्रलमध्ये) टाकायची सवयही सोडावी. टोयोटाच्या पद्धतीत 'एन'मध्ये बॅटरी चार्ज होत नाही. वाहतूक तुंबलेली असताना एसी चालू आणि गाडी 'एन'मध्ये असेल, तर बॅटरी उतरतच जाते.

गाडी आवाज करत नाही, यातून दोन धोके निर्माण होतात. बाहेरच्या माणसाला ती येताना ऐकू येत नाही. यासाठी कमी वेगात कृत्रिम आवाज करणारी यंत्रणा असते, युरोपात ती २०२१ पासून सर्व नव्या हायब्रिड आणि विजेच्या गाड्यांना सक्तीची आहे. दुसरा धोका मालकालाच आहे. गाडी 'रेडी' (चालायला तयार) अवस्थेत असते, इंजिन बंद असते, काही ऐकू येत नाही आणि मालक ती बंद झाली समजून उतरतो. थोड्या वेळाने बॅटरी उतरली की इंजिन आपोआप सुरू होते. बंदिस्त गॅरेजमध्ये हे झाले तर कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो आणि तो जीव घेतो. म्हणून क्रम ठरवून टाकावा: 'पी', हँडब्रेक, बटण दाबून बंद, डॅशबोर्डवरचा 'रेडी' दिवा गेल्याची डोळ्यांनी खात्री, मग दार. बटणाची किल्ली खिशात आहे म्हणजे गाडी बंद आहे, असे नव्हे.

आता त्या विषयाकडे वळतो, ज्यामुळे नवे मालक सर्वांत जास्त गोंधळतात. हायब्रिडमध्ये मोठ्या बॅटरीशिवाय एक साधी १२ व्होल्टची बॅटरीही असते आणि गाडी अडकते ती बहुधा हिच्यामुळे. स्ट्राँग हायब्रिडमध्ये इंजिन फिरवायला मोठ्या व्होल्टेजची मोटर असते, वेगळा सेल्फ बहुतेक ठिकाणी नसतोच. १२ व्होल्टचे काम फक्त संगणक जागे करणे आणि मोठ्या बॅटरीचे रिले (विजेवर चालणारे स्विच) जोडणे. मोठी बॅटरी भरलेली असली तरी हे रिले लागल्याशिवाय ती गाडीच्या उपयोगाची नाही. साध्या गाडीत बॅटरी मरायला टेकली की सेल्फ जडपणे फिरतो, आपण सावध होतो. इथे ती सूचनाच मिळत नाही. एके दिवशी बटण दाबावे तर डॅशबोर्डवर एकाच वेळी दहा दिवे लागतात, स्क्रीन मंद होतो आणि 'रेडी' काही येत नाही. माणूस घाबरतो, हायब्रिड यंत्रणाच गेली म्हणतो. आधी मल्टिमीटर लावावा. गाडी काही तास उभी राहिल्यानंतर १२.६ व्होल्ट किंवा जास्त असेल तर बॅटरी भरलेली, १२.२ च्या आसपास निम्मी, १२ च्या खाली जवळपास रिकामी.

ही बॅटरी चार्ज होते ती फक्त 'रेडी' अवस्थेत. ब्रेक न दाबता बटण दाबून नुसती गाणी ऐकत बसले, तर ती उतरते. गाडी कित्येक आठवडे उभी राहणार असेल तर मधून मधून मोकळ्या जागेत तासभर 'रेडी'त ठेवावी किंवा १२ व्होल्टला लावून ठेवता येणारा छोटा चार्जर घ्यावा. दोन मिनिटे सुरू करून बंद करण्याने काही साधत नाही. बॅटरी पूर्ण मेली तर किल्लीच्या बटणाने दारही उघडत नाही. किल्लीच्या आत एक लोखंडी किल्ली सरकवलेली असते, ती कशी काढायची हे घेतानाच पाहून घ्यावे. बॅटरी डिकीत असेल आणि डिकीचे कुलूप विजेवर चालत असेल, तर बॅटरीपाशी जायचे कसे हा पेच पडतो. यासाठी अशा अनेक गाड्यांत बॉनेटखाली जंप स्टार्टसाठी वेगळे टोक दिलेले असते. लाल चिमटा आधी आपल्या गाडीच्या त्या धन टोकाला, मग दुसऱ्या गाडीच्या धन टोकाला, काळा दुसऱ्या गाडीच्या ऋण टोकाला आणि शेवटचा काळा आपल्या गाडीच्या रंग नसलेल्या धातूच्या भागाला लावावा. पाचेक मिनिटे थांबून 'रेडी' आणावे आणि उलट क्रमाने चिमटे काढावेत. चिमटे उलटे लागले तर फ्यूजपासून मोठ्या बॅटरीची वीज १२ व्होल्टसाठी उतरवणाऱ्या डीसी-डीसी कन्व्हर्टरपर्यंत काहीही जळू शकते. गाडीला धक्का मारण्याचा उपयोग शून्य. हायब्रिडवरून दुसऱ्याची ट्रक-जीप सुरू करून देण्याचे औदार्यही दाखवू नये. बॅटरी बदलताना आतल्या जागेत बसणारी एजीएम प्रकारची (आतले आम्ल काचतंतूंच्या थरांत शोषलेली) आणि वायू बाहेर नेणारी नळी असलेलीच घ्यावी. साधी बसवली तर गॅस गाडीत येतो.

मोठ्या बॅटरीची धास्ती लोकांना उगीच जास्त असते. संगणक तिला कधी पूर्ण भरू देत नाही की पूर्ण रिकामी होऊ देत नाही. प्रियससारख्या गाडीत ती ढोबळमानाने ४० ते ८० टक्क्यांच्या पट्ट्यात ठेवली जाते, म्हणून स्क्रीनवरच्या कांड्या खाली-वर होताना पाहून काळजी करू नये. काळजी करावी ती उष्णतेची. अनेक गाड्यांत ही बॅटरी मागच्या सीटखाली किंवा मागे असते आणि गाडीतलीच हवा ओढून थंड राहते. त्या हवेची जाळी सीटच्या कडेला असते. तिच्यावर पिशव्या, चादर, लहान मुलांची सीट रेलून ठेवली, की पंखा जोरात फिरतो आणि बॅटरी तापते. जाळीमागच्या फिल्टरमध्ये धूळ आणि पाळीव प्राण्यांचे केस साचतात. तो सर्व्हिसिंगच्या वेळी काढून साफ करायचा असतो, पण कामाच्या यादीत नसला तर कोणी हात लावत नाही. तेव्हा मालकानेच आठवण करून द्यावी.

दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या प्रियसच्या निकेल-मेटल हायड्राइड पॅकमध्ये ७.२ व्होल्टचे २८ भाग एकामागे एक जोडून २०१.६ व्होल्ट होतात. त्यातला एक कमजोर झाला की पूर्ण पॅक नापास ठरतो. अशा वेळी 'एक सेल बदलून देतो' म्हणणारे भेटतात. गाडी त्याने सुरू होते, हे खरे. पण नवा भाग आणि थकलेले सत्तावीस यांची क्षमता जुळत नाही आणि थोड्याच काळात दुसरा भाग निकामी होतो. गाडी विकून टाकायची असेल तर हा उपाय मालकाला सोयीचा, घेणाऱ्याला नव्हे.

म्हणूनच वापरलेली हायब्रिड घेताना चाचणी-यंत्र लावून बॅटरीच्या प्रत्येक गटाचा व्होल्टेज पाहावा, तोही नुसता उभ्या गाडीत नव्हे, चढावर जोर देताना आणि ब्रेक लावताना. एखादा गट बाकीच्यांपेक्षा ठळकपणे खाली-वर होत असेल तर सौदा तिथेच थांबवावा. स्क्रीनवरचा चार्ज काही मिनिटांत झपकन भरतो आणि झपकन उतरतो, हेही क्षमता गेल्याचेच लक्षण. पाण्यात बुडालेली हायब्रिड कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये, ओलाव्याने जोडण्या गंजतात आणि बिघाड महिन्यांनी वर येतात.

सर्व्हिसिंगमध्ये इंजिन ऑइलचे फार वेगळे नाही. पुस्तकात लिहिलेले पातळ ऑइल, ०डब्ल्यू-२० किंवा ०डब्ल्यू-१६, तेच घालावे आणि किलोमीटर कमी झाले तरी मुदत पाळावी. वेगळे आहे ते असे. बॅटरीची वीज मोटरला चालेल अशी करणाऱ्या इन्व्हर्टरला बहुधा स्वतःचे कूलंट आणि स्वतःचा विजेचा पंप असतो. इंजिनाचे कूलंट भरलेले पाहून बॉनेट बंद करणारा मेकॅनिक ही दुसरी टाकी विसरतो, तो पंप बंद पडला की गाडीचा जोर अचानक कमी होतो. ब्रेक पॅड वर्षानुवर्षे जाड राहतात म्हणून चाक उघडलेच जात नाही, तोवर डिस्क गंजतात आणि कॅलिपरच्या पिना अडकतात. वर्षातून एकदा त्या काढून, साफ करून, योग्य ग्रीस लावून बसवाव्यात. काही गाड्यांत चालकाचे दार उघडले तरी ब्रेकचा पंप जागा होतो, म्हणून पॅड बदलण्याआधी यंत्रणा झोपवण्याची कृती पुस्तकात पाहून घ्यावी.

एसीच्या बाबतीत होणारी चूक सर्वांत महाग पडते. हायब्रिडचा कॉम्प्रेसर मोठ्या व्होल्टेजवर चालतो आणि त्याची मोटर गॅस व तेलातच बुडालेली असते. त्याला वीज न वाहू देणारे पीओई तेल लागते. साध्या गाडीचे पीएजी तेल भरले, किंवा ते तेल उरलेल्या मशीनने गॅस भरला, तर इन्सुलेशन घसरते, गाडी विजेच्या गळतीचा दोष दाखवते आणि 'रेडी' यायला नकार देते. बिघाड कॉम्प्रेसरचा, पण दिवा लागतो हायब्रिड यंत्रणेचा, आणि मग बॅटरीला दोष देत फिरणे सुरू होते. एसी करणाऱ्याला आधी तेलाचा प्रकार विचारावा.

मोठ्या व्होल्टेजच्या नारिंगी रंगाच्या केबलला मालकाने हात लावायचाच नाही. त्या कामाला शिकलेला माणूस हवा. तो आधी गाडी बंद करून किल्ली दूर ठेवतो, १२ व्होल्टची जोडणी काढतो, १००० व्होल्टचे रबरी हातमोजे घालून मोठ्या बॅटरीची वीज तोडणारा सर्व्हिस प्लग काढतो, इन्व्हर्टरमधले वीज साठवणारे कपॅसिटर रिकामे व्हायला दहा मिनिटे थांबतो आणि मीटरने शून्य व्होल्ट पाहूनच पाना हातात घेतो. यातले काही न करता थेट नट सैल करणारा दिसला, तर गाडी परत न्यावी.

आणि टोचन. पुढची चाके जमिनीवर फिरवत हायब्रिड ओढू नये. चाके फिरली की त्यांना जोडलेली मोटरही फिरते आणि वीज तयार करते. गाडी सपाट फळीच्या वाहनावर चढवावी, तशी सोय नसेल तर मोटर ज्या चाकांना जोडलेली आहे ती उचलून न्यावीत.

आपल्या दैनिकाला एक विनंती. नव्या गाडीचे परीक्षण छापताना किमतीच्या चौकटीत आणखी चार ओळी द्याव्यात: हायब्रिडचा प्रकार कोणता, नुसत्या मोटरवर चालते का, १२ व्होल्टची बॅटरी आणि जंप स्टार्टचे टोक कुठे आहे, मोठ्या बॅटरीची हवेची जाळी कुठे आहे. आणि अ‍ॅव्हरेज एकच न देता गरम इंजिनाचे व थंड इंजिनाच्या छोट्या फेऱ्यांचे वेगवेगळे द्यावे.

आपले,
वाहनदुरुस्ती व प्रशिक्षण क्षेत्रातील काही वाचक